शॉवरमधला काळा कोनाडा

आमच्या बाथरूमची भिंत फोडली तेव्हा आतून ब्लेडं पडली. दाढीची, गंजलेली, एकमेकांना चिकटलेली. मोजली असती तर दोनशेच्या वर सहज भरली असती. घर न्यू जर्सीतलं, १९५०च्या दशकातलं. काम करायला आलेला माणूस अजिबात दचकला नाही. जाड हातमोजे घालून त्याने सगळी ब्लेडं एका पत्र्याच्या डब्यात भरली आणि म्हणाला, या वयाच्या घरांत ही निघतातच.

भानगड अशी. पूर्वी इथल्या घरांत बेसिनवरचं आरशाचं कपाट भिंतीत खोल बसवलेलं असे आणि त्याच्या मागच्या पत्र्याला एक बारीक फट असे. वापरलेलं ब्लेड त्या फटीतून ढकलायचं, ते भिंतीच्या पोकळीत पडायचं. पुढे काय? पुढे काहीच नाही. भिंत भरेपर्यंत घर दुसऱ्या कुणाचं तरी झालेलं असेल, असा हिशोब. जिलेटने टाकाऊ पात्यांचा रेझर १९०३ साली विकायला काढला, तेव्हा वर्षभरात खपले ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं. दुसऱ्याच वर्षी ब्लेडांचा आकडा लाखाच्या पलीकडे गेला. एवढी धारदार पाती टाकायची कुठे, हा नवा प्रश्न होता आणि लोकांनी तो भिंतीच्या पोटात ढकलला.

एपिसोडमध्ये ही गोष्ट मी दोन मिनिटांत उरकली होती. नंतर काही जणांनी विचारलं, मग त्या भिंतीचं पुढे केलंत काय? त्याचं उत्तर जरा लांब आहे, म्हणून इथे लिहितेय.

भिंत फोडली होती ती जुना टब काढून शॉवर करायला. शॉवरच्या भिंतीत साबण-शांपू ठेवायला एक कोनाडा हवा होता, इथे त्याला निश म्हणतात. हल्ली कुठलाही कॅटलॉग उघडा, हा निश काळा दिसतो. पांढऱ्या किंवा राखाडी टाइल्सच्या भिंतीत मधेच एक काळा चौकोन, आत एक तपकिरी बाटली, शेजारी एक रोपटं, बस. माझ्या नवऱ्याला अगदी तोच हवा होता. मला नको होता, पण का नको ते सांगता येईना. इतिहासाच्या माणसाला कारण सापडलं नाही की तो वाचायला बसतो. मी बसले. टाइल्सची ऑर्डर तीन महिने अडली आणि घरातल्यांनी ते सहन केलं.

आधी मापं बघा. अमेरिकेतली बहुतेक घरं लाकडी सांगाड्याची. १८३०च्या दशकात शिकागोच्या बाजूला ही पद्धत रुजली: जाडजूड तुळया आणि कसलेले सुतार यांच्याऐवजी एकसारखे कापलेले बारीक वासे आणि भरपूर खिळे. भिंतीतल्या उभ्या वाशाला स्टड म्हणतात. एका स्टडच्या मध्यापासून पुढच्या स्टडच्या मध्यापर्यंत साधारण सोळा इंच. स्टड स्वतः दीड इंच जाड. म्हणजे मधे मोकळी जागा उरते साडेचौदा इंच. खोली साडेतीन इंच, कारण ‘टू बाय फोर’ नावाचं लाकूड हल्लीच्या प्रमाणानुसार खरं तर दीड बाय साडेतीन इंचांचंच असतं. जुन्या घरात किंचित जास्त मिळतं, एवढंच. तयार निश साधारण चौदा इंच रुंद आणि साडेतीन इंच खोल का असतो, हे दुकानातल्या माणसालाही माहीत नव्हतं. ते लाकडाच्या वखारीत ठरलेलं आहे.

आईला व्हिडिओ कॉलवर ती फोडलेली भिंत दाखवली. ती साताऱ्याला असते आणि दर वर्षी पाच-सहा महिने आमच्याकडे येते. तिने चष्मा वर-खाली करून पाहिलं आणि म्हणाली, “अगं, ही भिंत आहे का खोका? एवढीशी भिंत, तिच्यात देवळी कशी काढणार? पलीकडून बाहेर येईल की.”

तिचं बरोबर होतं. तिच्या डोक्यातली भिंत दोन फुटी होती.

देशावरच्या जुन्या घरांच्या भिंती दगडाच्या, मातीच्या, कुठे पांढऱ्या मातीच्या, आणि जाड. अशा भिंतीत जागा काढायला वेगळा खर्च नाही. बांधतानाच तेवढा भाग मोकळा सोडायचा, वर लाकडाची किंवा दगडाची आडवी पट्टी टाकायची. म्हणून आपल्याकडे भिंतीतल्या जागांना नावंही भरपूर. दिव्यापुरती लहान ती देवळी. तिच्याहून मोठा कोनाडा. फळ्या आणि दारं लावली की फडताळ. आणि भिंतीच्याच जाडीत धान्य साठवायची जागा ठेवली असेल तर ते बळद. इंग्रजीत या सगळ्यांना मिळून दोन-तीन शब्द पुरतात. त्यात कमी-जास्त काही नाही. पातळ भिंतीच्या भाषेला इतक्या शब्दांची गरजच पडली नाही.

आजीच्या घरातली न्हाणी मला नीट आठवते. मागच्या पडवीत, एका बाजूला तांब्याचा बंब, बसायला घासून गुळगुळीत झालेला दगड. भिंतीत एक देवळी होती, आणि ती खाली होती. बसलेल्या माणसाच्या खांद्याशी. तिच्यात शिकेकाईची वाटी, टाचा घासायची वजरी, साबणाची वडी, तेलाची बुधली. संध्याकाळी तिथेच रॉकेलची चिमणी ठेवत. वर्षानुवर्षांच्या काजळीने आणि तेलकट हातांनी ती देवळी आतून काळीकुट्ट झाली होती. काळा रंग तिथे कुणी निवडला नव्हता. तो साचत गेला होता. दिवाळीच्या आधी चुन्याचा हात फिरे, महिनाभर ती पांढरी राही आणि मग पुन्हा आपल्या रंगावर येई.

आता जरा मागे जाऊ. फारच मागे, पॉम्पेईला.

व्हेसूव्हियसच्या राखेखाली इसवी सन ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या या गावात चौकाजवळच एक सार्वजनिक स्नानगृह आहे, इसवी सनापूर्वी ८०च्या सुमाराचं. त्यातल्या पुरुषांच्या कोमट खोलीत भिंतीत ओळीने कोनाडे आहेत. दोन कोनाड्यांच्या मधे भाजलेल्या मातीचे पीळदार छोटे पुरुष, हात वर करून वरचा पट्टा पेलून उभे. आंघोळीला आलेले लोक या कोनाड्यांत कपडे आणि तेलाच्या कुप्या ठेवत असावेत, असं बहुतेक अभ्यासक मानतात. गावाबाहेरच्या दुसऱ्या एका स्नानगृहात कपडे बदलायच्या खोलीतल्या भिंतीवर आकडे घातलेल्या पेट्या रंगवल्या आहेत आणि प्रत्येक पेटीच्या वर एक अगदी उघड शृंगाराचं चित्र. आपले कपडे कुठे ठेवले ते लक्षात राहावं म्हणून ही चित्रं, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. आकडा विसरेल, चित्र कोण विसरणार!

एवढं करूनही चोऱ्या होतच. कपडे राखायला गुलाम ठेवले जात, त्यासाठी लॅटिनमध्ये वेगळा शब्दच आहे. तुमच्यापैकी जे इंग्लंडमध्ये आहात त्यांनी बाथ गावी जाऊन हे बघावं. तिथल्या गरम झऱ्यात सुमारे १३० शिशाचे पातळ पत्रे सापडले, त्यांवर लोकांनी सुलिस मिनर्वा देवीला लिहिलेली गाऱ्हाणी आहेत. बरीचशी चोरीची. डॉसिलियानस नावाचा एक गृहस्थ लिहितो की माझा टोपीवाला झगा कुणी चोरला. तो पुरुष असो की बाई, गुलाम असो की स्वतंत्र, देवीने त्याला झोप लागू देऊ नये, मूल होऊ देऊ नये, झगा परत येईपर्यंत. एका झग्यासाठी निर्वंश! पण डॉसिलियानसच्या जागी उभं राहून बघा. उघड्या अंगाने पाण्यातून बाहेर यायचं आणि कोनाडा रिकामा.

इथे मला माझ्या प्रश्नाचं टोक सापडलं. आंघोळीच्या जागेतल्या कोनाड्याचा रंग, माप, खोली हे सगळं नंतरचं. आधी हे, की तिथे आपली वस्तू ठेवून निघून जाता येतं का.

आधुनिक शॉवरने या प्रश्नाचं सोपं उत्तर काढलं: वस्तूच नको. शॉवर आपल्याला आता श्रीमंती वाटतो, पण त्याचा जन्म शिस्तीत झालाय. फ्रान्समधल्या रुआँच्या तुरुंगात मेरी देलाबोस्त नावाच्या डॉक्टरने १८७२च्या सुमारास कैद्यांना टबाऐवजी वरून पडणाऱ्या कोमट पाण्याखाली उभं करायला सुरुवात केली. कमी पाणी, कमी वेळ, आधीच्या माणसाचा मळ पुढच्याच्या अंगाला नाही. १८८३ साली बर्लिनच्या आरोग्य प्रदर्शनात ऑस्कर लासार या त्वचारोगतज्ज्ञाने पन्हाळी पत्र्याची शेड उभी करून त्यात शॉवर मांडले. दहा फेनिगला गरम पाणी, साबण आणि टॉवेल. न्यूयॉर्कमध्ये हीच कल्पना सायमन बरूक यांनी लावून धरली. ते स्वतः प्रशियातून आलेले ज्यू डॉक्टर. लोअर ईस्ट साइडच्या कोंदट इमारतींत नव्याने आलेली कुटुंबं एका-एका खोलीत राहत होती आणि आंघोळीला जागा नव्हती. १८९१मध्ये तिथे पाच सेंटांत साबण-टॉवेलसह शॉवर देणारं स्नानगृह सुरू झालं. १८९५मध्ये न्यूयॉर्क राज्याने पन्नास हजारांवर वस्तीच्या शहरांना फुकट सार्वजनिक स्नानगृहं बांधणं सक्तीचं केलं. १९०१मध्ये रिव्हिंग्टन स्ट्रीटवरचं उघडलं, पुढे त्याला बरूक यांचंच नाव दिलं गेलं.

चांगलं काम होतं, यात वादच नाही. पण तो शॉवरचा खण डोळ्यांसमोर आणा. वेळ ठरलेली, साबण हातात दिलेला, बाहेर रांग. भिंतीत कोनाडा कशाला असेल? तिथे तुमचं काही नव्हतंच. कैद्याचं नव्हतं, शिपायाचं नव्हतं, बोटीतून उतरलेल्याचंही नव्हतं.

तुमच्यातले बरेच जण सध्या नेमके या अवस्थेत असतील. मी इथे आले तेव्हा चौघींत एक बाथरूम होतं. प्रत्येकीची एक प्लास्टिकची जाळीदार टोपली. आंघोळीला जाताना टोपली घेऊन जायची, येताना गळकी टोपली परत खोलीत आणायची. विसरलात तर दुसऱ्या दिवशी शांपू दोन बोटं कमी. आमच्यातली एक जण बाटलीवर मार्करने रेघ मारून ठेवायची. मुंबईच्या चाळीत वाढलेल्या माझ्या मावशीला हे सांगितलं तर ती हसली आणि म्हणाली, “आम्ही रेघ नाही मारायचो, साबणच उशाशी घेऊन झोपायचो.” डॉसिलियानसला निदान देवी तरी होती.

वस्तू ठेवून जायची सोय अमेरिकेतल्या घराघरांत आली ती पहिल्या महायुद्धानंतर. जंतूंचा शोध लागून काही दशकं झाली होती, बाथरूम पांढरंशुभ्र असलंच पाहिजे असं डॉक्टरांपासून जाहिरातींपर्यंत सगळे सांगत होते. पांढरं अशासाठी की मळ दिसावा. दिसला की पुसला जाईल. कोण पुसणार, हे सहसा कुणी लिहीत नसे. घरची बाई किंवा कामाला ठेवलेली बाई, दोनच शक्यता. त्याच काळात टबावरच्या भिंतीत चिनी मातीची साबणदाणी बसू लागली, टाइलच्याच रंगाची, भिंतीत रुतलेली, कधी धरायला दांडी असलेली. जेमतेम एक वडी मावेल एवढी. आजच्या निशची ही आजी. साबणाची वडी हा त्या काळचा एकमेव रहिवासी.

मग रंग आले. १९२७मध्ये कोहलर कंपनीने टब, बेसिन, कमोड असा सगळा संच एकाच रंगात मिळेल अशी सोय केली: फिकट हिरवा, निळा, जांभळट वगैरे. १९२९च्या न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधल्या प्रदर्शनात त्यांची काळी उपकरणं मांडली गेली. म्हणजे बाथरूममधला काळा रंग काही या दशकाची फॅशन नाही, तो जॅझच्या जमान्यातला आहे. काळा म्हणजे हॉटेल, काळा म्हणजे सिनेमा, काळा म्हणजे पुसणारा कुणीतरी दुसरा आहे.

ते १९२७ साल वाचताना मी थांबले. टबाचा रंग कुठला घ्यावा हे अमेरिकेतली कुटुंबं ठरवत होती, त्याच वर्षी २० मार्चला महाडला डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं आणि त्यांच्यामागून हजारो लोकांनी घेतलं. त्यानंतर त्यांच्यावर हल्ले झाले. मघाशी आजीच्या देवळीबद्दल मी मोठ्या प्रेमाने लिहिलं. ती देवळी कुणाची होती आणि न्हाणीचं सांडपाणी ज्या गटारात जाई ते कोण उपसायचं, हे मी लिहिलं नव्हतं. त्या माणसांना आमच्या घरात भिंतीपर्यंत यायची मुभा नव्हती, तिच्यात काही ठेवायची तर गोष्टच सोडा. जुन्या वाड्यांच्या आठवणी काढताना हा भाग आपल्याकडून फार सहज गळतो. माझ्याकडूनही गळला होता.

परत शॉवरकडे. छोट्या साबणदाणीला मारलं ते बाटल्यांनी. शांपू हा शब्द आपल्याच बाजूचा, चांपणे-चंपीच्या घराण्यातला. पाटण्याचा साके दीन महोमेद एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रायटनमध्ये लोकांना वाफेच्या स्नानात ‘शांपू’ करत असे, म्हणजे अंग रगडून देत असे, आणि १८२२मध्ये त्याने त्यावर पुस्तकही काढलं. केस धुण्याचा अर्थ नंतर चिकटला. विसाव्या शतकाच्या मध्यापासून हा शांपू प्लास्टिकच्या बाटलीत शिरला, मग कंडिशनर आला. १९८०मध्ये मिनेसोटातल्या एका छोट्या कंपनीने पंपाच्या बाटलीतला सॉफ्टसोप देशभर विकायला काढला. मोठ्या कंपन्यांनी नक्कल करू नये म्हणून तिच्या मालकाने पंप बनवणाऱ्यांकडून दहा कोटी पंप आधीच अडवून ठेवले, असं सांगतात. १९९०च्या दशकात अंगाला लावायचा पातळ साबणही बाटलीत आला. वडी आडवी निजते, बाटलीला उभं राहायला दहा-बारा इंच लागतात. साबणदाणी संपली, निश आला.

आणि बाटल्या दिसायला वाईट. लाल, हिरव्या, जाहिराती छापलेल्या. मला वाटतं काळ्या निशचं मूळ इथे आहे. पांढऱ्या भिंतीने मळ दाखवायचं काम केलं. काळ्या चौकोनाने पसारा गिळावा अशी अपेक्षा आहे. फोटोत तो गिळतोही. त्या फोटोंत कधी अर्धी पिळलेली ट्यूब दिसते का बघा. बायकांचा रेझर, पाळीच्या दिवसांतल्या वस्तू, औषधी शांपू, यातलं काही? नवऱ्यांच्या ब्लेडांसाठी कपाटात फट ठेवणाऱ्यांनीही बाईच्या गोष्टींसाठी वेगळी जागा कधी ठेवली नव्हती.

आता प्रत्यक्ष निवडीचं. काळा मळ लपवतो हा समज पहिल्या महिन्यात जातो. शॉवरमधला मळ काळा नसतोच, तो पांढरा असतो. साबणातली चरबीची आम्लं पाण्यातल्या कॅल्शियमशी जुळली की न विरघळणारा चिकट थर होतो, आणि नुसतं जड पाणी वाळलं तरी चुन्याचे ठिपके उरतात. पांढऱ्या टाइलवर ते दिसत नाहीत. काळ्यावर प्रत्येक थेंबाची कड उमटते. बुरशीचं उलटं: पांढऱ्या ग्राउटवर ठसठशीत दिसते, काळ्यावर दिसत नाही, म्हणजे ती वाढलीय हे उशिरा कळतं. तुमच्याकडे विहिरीचं किंवा चुनखडीच्या भागातलं पाणी असेल तर काळ्यापेक्षा गडद राखाडी बरा.

दगड घ्यावा का? आपल्या डोळ्यांसमोर पटकन कडाप्पा येतो. पुण्या-मुंबईच्या किती स्वयंपाकघरांचे ओटे आणि किती फडताळांच्या फळ्या त्याच्या आहेत! स्वस्त, काळा, भक्कम. पण कडाप्पा हा चुनखडीचा दगड. ओट्यावर लिंबू सांडलं की पांढुरका डाग पडतो तो यामुळेच. शॉवरमधले चुन्याचे डाग काढायला आपण व्हिनेगर किंवा तसलंच आम्ल वापरणार, आणि ते डागासोबत दगडही खाणार. काळ्या संगमरवराचंही तेच. त्यापेक्षा पोर्सेलीन टाइल: ती अर्ध्या टक्क्याहून जास्त पाणी पीत नाही आणि आम्लाला दाद देत नाही. घेताना तिची कड बघा. वरचा थर काळा आणि आतली माती पांढरट असेल, तर निशच्या चारही कडांवर पांढरी रेघ दिसेल. मग धातूची पट्टी लावावी लागते. अगदी काळा ग्राउट सुरुवातीला देखणा दिसतो, पण क्षार बाहेर येऊन तो जागोजागी भुरका पडू शकतो.

याहून महत्त्वाचं ते टाइलच्या मागे. निश म्हणजे पाणी अडवणाऱ्या भिंतीला आपण मुद्दाम पाडलेलं भोक. आतून पाचही बाजूंना, कोपऱ्यांसकट, जलरोधक थर अखंड हवा आणि तळाला बाहेरच्या दिशेने किंचित उतार हवा, नाहीतर पाणी साचेल. आणि थंडीच्या प्रदेशात बाहेरच्या भिंतीत निश काढू नये. तिथे थंडी अडवणारा भराव असतो, तो काढला की ती जागा गार पडते. आमच्याकडे पहिल्यांदा आलेल्या एका कंत्राटदाराने निश नेमका बाहेरच्या भिंतीत आखला होता. का, तर दारातून तो छान दिसतो.

आमचा निर्णय शेवटी आईमुळे झाला. तिला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. एकाचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. मोतीबिंदूत नुसतं अंधुक दिसत नाही, जवळजवळच्या छटा एकमेकींत मिसळतात. पांढऱ्या टबाच्या पांढऱ्या कडेवर पांढरा साबण तिला सापडत नसे, हात फिरवून शोधायची. म्हणजे मागचा भाग काळा असला तर साबण उठून दिसेल! तीन महिने काळ्याला विरोध करून हे मला सुचलं होतं, आणि नवऱ्याने फारसं काही न बोलण्याचं सौजन्य दाखवलं.

पण रंगाइतकाच प्रश्न उंचीचा होता. तयार निश इथे बहुतेक वेळा उभ्या माणसाच्या छातीपाशी बसवतात. आई उभी राहून आंघोळ करत नाही. तिला स्टूल लागतं, बादली लागते, तांब्या लागतो. टाइल बसवणाऱ्या माणसाला मी सांगितलं, एक निश नेहमीच्या उंचीवर आणि दुसरा जमिनीपासून सव्वादोन फुटांवर. तो म्हणाला, खालचा कुत्र्यासाठी का? इथे लोक कुत्रे धुवायला तसा करून घेतात म्हणे. मी म्हटलं, आईसाठी. मग तो स्वतः प्लास्टिकच्या उलट्या बादलीवर बसला, हात पुढे करून बघितला, आणि पेन्सिलने खूण दोन इंच वर सरकवली.

वरचा निश भिंतीच्याच फिक्या रंगाचा ठेवला. खालचा काळा, झळाळी नसलेला, वरच्या बाजूला एक छोटा ओल सोसणारा दिवा. भिंत बंद होण्याआधी त्या माणसाने ब्लेडांचा डबा दाखवून विचारलं, टाकू का? नवऱ्याने तो ठेवून घेतला, अजून गॅरेजमध्ये आहे.

आई नोव्हेंबरात आली. पहिल्याच सकाळी तिने खालच्या कोनाड्यात साबण, शिकेकाईचा डबा, वजरी आणि, मी नको नको म्हणत असताना, झाकण न लागणारी तिळाच्या तेलाची बुधली मांडली. तीन आठवड्यांत एका कोपऱ्यात तेल मुरलं. काळ्यावर ते दिसत नाही, बोट फिरवलं की कळतं.